इंजेक्शनचा गॅस सगळ्या फील्डना सारखा? कमाल आहे!

घनफूट: 'समन्यायी' यांनी काल लिहिलं की तेल बाहेर ढकलायला जमिनीत परत सोडायचा गॅस अपुरा असेल तर तो प्रत्येक फील्डला (तेलक्षेत्राला) शिल्लक तेलसाठ्याच्या प्रमाणात वाटावा, 'म्हणजे कुणावर अन्याय नको'. डोकं फिरलं वाचून. ही काय रेशनची साखर आहे? पुढचे दहा लाख घनफूट कुठे टाकले तर जास्त तेल निघेल, एवढंच बघायचं. दाब मिसिबिलिटीच्या, म्हणजे गॅस आणि तेल एकजीव व्हायला लागणाऱ्या दाबाच्या, बराच खाली गेलेल्या फील्डमध्ये चिमूटचिमूट गॅस घालून तेल त्यात विरघळत नाही. गॅस वरच्यावर पळतो, उत्पादक विहिरीत घुसतो, जीओआर (दर बॅरल तेलामागे निघणारा गॅस) चढतो आणि तोच गॅस आपण पुन्हा कॉम्प्रेस करत बसतो. नॉर्वेत ट्रोल फील्डचा गॅस 1991 पासून ओसेबर्ग फील्डमध्ये सोडला, तो काय समान वाटपातून?

समन्यायी: 'जास्त तेल' मॉडेलच सांगणार ना? आमच्या मॉडेलप्रमाणे ब्रेकथ्रूला, म्हणजे सोडलेला गॅस उत्पादक विहिरीत पोचायला, बरीच वर्षं होती, गॅस पहिल्याच वर्षी विहिरीत हजर! आणि ज्याचा गॅस तोडाल तिथे दाब बबल पॉइंटखाली गेला, म्हणजे तेलात विरघळलेला गॅस सुटायला लागला, की पुढे दुप्पट गॅस देऊनही नुकसान भरून निघत नाही. ते कुठल्या रकान्यात मांडता?

नत्रवाले: भांडता कशाला? नायट्रोजन टाका, गॅस विका. मेक्सिकोत कांतारेल फील्डला 2000 पासून रोज 120 कोटी घनफूट नायट्रोजन दिला.

जुनी विहीर: आणि 2004 मध्ये रोज 20 लाख बॅरलवर जाऊन उत्पादन कोसळलं, ते नाही सांगितलंत! नायट्रोजन मिसळलेला गॅस विकता येईना, फ्लेअरला जाऊन जळाला.

नत्रवाले: कोसळलं नायट्रोजनमुळे? तेलावरचा गॅसचा थर (गॅस कॅप) खाली सरकला, तेलाचा थर पातळ झाला. उपसाच तेवढा होता. नायट्रोजन वेगळा काढायचे प्लांट वेळेत बांधले नाहीत, हा माझा दोष का?

जुनी विहीर: तुमचा नाही हो. पण दर धाग्यात हाच फुकटचा सल्ला, आणि प्लांटचा खर्च कायम दुसऱ्याच्या बजेटात.

नत्रवाले: फुकट म्हटलं कुणी? वाचत जा जरा.

घनफूट: झालं तुमचं? समन्यायी, दाबाचं खरं आहे. दाब टिकवण्यापुरता गॅस सगळ्यांना आधी, उरलेला जिथे जास्त तेल तिथे. साठ्याच्या प्रमाणात वाटणं मात्र अजूनही बिनडोकपणाच.

समन्यायी: उपकार झाले. आता कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडल्यावर पहिला गॅस कुणाचा कापणार, तेही लिहा. आमचाच ना?

घनफूट: तुमच्याच विहिरींचा जीओआर सगळ्यात जास्त आहे. मग कुणाचा कापू?