मांडवातले ऊन आणि ज्वारीच्या अक्षता

स्वतःच्या लग्नातले मंगलाष्टकांपलीकडे काहीच आठवत नाही, असे आपण आपल्या लेखात लिहिले आहे. माझे नेमके उलट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी १९९१ च्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना लग्न लागले, तेव्हा मांडवावरच्या जांभळाच्या डहाळ्या सुकून त्यांचा चुरा माझ्या शालूवर पडत होता, हे मला स्वच्छ आठवते. मंगलाष्टके मात्र ऐकूच आली नाहीत, कारण भोंगा ऐन वेळी बंद पडला होता. (त्याचे भाडे मात्र पूर्ण द्यावे लागले.) हळदीत रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता घामाने मानेला चिकटल्या आणि त्यांतले दोन दाणे रात्री अंबाडा सोडताना थोरल्या जाऊबाईंच्या हाती लागले. पळसाच्या पत्रावळीवरची बुंदी आणि आलू-वांग्याची भाजी नवरीला मिळाली ती थेट संध्याकाळी, गार झाल्यावर.