मदत हवी आहे: व्हिडिओ किती पाहिला जाईल याचा अंदाज, की नुसती लांबीच मोजतोय?

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी ताई दहावीच्या गणिताचं छोटंसं यूट्यूब चॅनेल चालवतो. ती शिकवते, कॅमेरा, एडिटिंग आणि उरलेली हमाली माझ्याकडे. पाच वर्षांत २८६ व्हिडिओ झाले. एकेका व्हिडिओत अख्खा सुट्टीचा दिवस जातो, म्हणून वाटलं, टाकण्याआधीच मुलं तो किती बघतील हे मशीन लर्निंगने कळलं तर बरं.

यूट्यूब स्टुडिओतून (चॅनेलच्या आकडेवारीचं पान) डेटा उतरवला. ओळखायचंय ते म्हणजे व्हिडिओ सरासरी किती टक्के पाहिला गेला. मॉडेलला दिलं काय, तर लांबी, प्रकरण, शीर्षकातले शब्द, पहिल्या ३० सेकंदांत ताई किती शब्द बोलते (व्हिस्पर या बोलणं लिहून देणाऱ्या प्रोग्रामने मजकूर काढला) आणि फळ्यावर खडू कितव्या सेकंदाला टेकतो. हे शेवटचं मी हाताने मोजलं, डोळे गेले. लाइटजीबीएम (निर्णयवृक्षांवर चालणारं मॉडेल) लावलं, रँडम ८०-२० विभागणी केली (८०% व्हिडिओ ट्रेनिंगला, २०% टेस्टला), टेस्टवर आर-स्क्वेअर ०.७१ (१ म्हणजे अंदाज तंतोतंत, ० म्हणजे काहीच हाती नाही). पेढे आणायचेच बाकी होते.

मग जूननंतरच्या १४ नव्या व्हिडिओंवर चालवलं आणि मॉडेल सपशेल आपटलं. फीचर इम्पॉर्टन्समध्ये (मॉडेलने कशाला किती महत्त्व दिलं त्या यादीत) लांबी बाकीच्यांच्या डोक्यावर बसलीय. माझं काय चुकतंय? की २८६ हा आकडाच तुटपुंजा आहे?

गणकयंत्र:
आकडा तुटपुंजा आहेच, पण घोटाळा वेगळा दिसतो. आधी फक्त लांबी घेऊन साधं रिग्रेशन (लांबीवरून टक्केवारीचा सरळ रेषेने अंदाज) चालवा आणि आर-स्क्वेअर किती येतं ते इथे सांगा.

छोटा व्हिडिओ टक्केवारीत आपोआप जिंकतो. टक्क्यांऐवजी मिनिटं धरलीत तर मोठा जिंकेल. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांवरचा २०१४ चा अभ्यास आहे. त्यात व्हिडिओ कितीही लांब असला तरी पाहण्याच्या वेळेचा मध्यक (मधोमधचा आकडा) ६ मिनिटांपलीकडे जात नव्हता. मग १८ मिनिटांच्या व्हिडिओची टक्केवारी पडणारच, ताईंनी कितीही जीव ओतला तरी. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५० लाखांहून जास्त यूट्यूब व्हिडिओंवर काम करताना यावर उपाय केला: साधारण तेवढ्याच लांबीच्या व्हिडिओंमध्ये हा व्हिडिओ कितवा, हे मोजायचं. तुम्हीही मॉडेलला ओळखायला तेच द्या.

आणि रँडम विभागणी करू नका हो! 'वर्गसमीकरणे भाग ३' ट्रेनिंगमध्ये आणि 'भाग ४' टेस्टमध्ये गेला की ती कॉपीच झाली. तारखेने तोडा, आणि एक मालिका दोन्हीकडे जाऊ देऊ नका.

पाटीपेन्सिल:
मला एमएल कळत नाही, शिकवणी घेते. पण तुमच्या प्रेक्षकांमधली फेब्रुवारीतली मुलं आणि जूनमधली मुलं वेगळी असतात. परीक्षेच्या तोंडावरचं पोर एका उदाहरणापुरतं येतं, उत्तर जुळलं की जातं. त्याने २०% पाहिलं म्हणजे व्हिडिओ वाईट? त्याचं तर काम झालं.

धागाकर्ता:
गणकयंत्र, तोंडघशी पडलो. फक्त लांबीवर ०.६६! म्हणजे ताईचे शब्द, माझा खडू, सगळं मिळून ०.०५ ची भर. लांबीचे सहा गट पाडून गटातला क्रम धरला, तारखेने तोडलं, तर जेमतेम ०.१. ताईला सांगितलं. ती म्हणाली, "चला, लांबी मोजायला पट्टी होतीच आपल्याकडे."

पाटीपेन्सिल, तुमच्यामुळे रिटेन्शनचे (कुठल्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक होते याचे) आलेख पुन्हा काढून बसलो. बाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायच्या व्हिडिओत ताई कंपास टेकवते तिथे आलेख १००% च्याही वर गेलाय, म्हणजे मुलं मागे नेऊन पुन्हा बघतायत. आवडलं म्हणून, की कळलं नाही म्हणून? त्याच व्हिडिओखाली "कंपास किती उघडायचा?" असा प्रश्न तिघांनी विचारलाय, त्यामुळे कळलं नसावं अशीच मला शंका येते. हे दोन प्रकार वेगळे काढायला कमेंटचा मजकूर वापरता येईल का? मराठी, इंग्रजी लिपीतली मराठी आणि इमोजी अशी खिचडी आहे. कुणी असं काही केलंय?