केन ब्यूकॅनन म्हणजे फक्त डुरानकडून हरलेला माणूस का?

चेंबूरचा_डावखुरा

नमस्कार मंडळी. चेंबूरला एका जिममध्ये बॉक्सिंग शिकतोय. आमच्या सरांचं पालुपद ठरलेलं: "जॅब शिकायचाय ना, मग ब्यूकॅनन बघ." जॅब म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, आणि ब्यूकॅनन हा जुना स्कॉटिश बॉक्सर. बघायला गेलो तर जिथे तिथे एकच तुकडा. १९७२, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, रॉबर्टो डुरानचा फटका कमरेखाली लागतो, ब्यूकॅनन कळवळून खाली पडतो आणि विजेता म्हणून डुरानचं नाव पुकारलं जातं. डोकंच फिरलं.

दोन प्रश्न आहेत. असा निकाल लागलाच कसा? आणि हा माणूस खरंच एवढा मोठा होता, की सरांना स्कॉटलंडचा उगाच पुळका?

परळचा_पंच

सरांना नमस्कार सांग. पुळका नाही, त्यांना खेळ कळतो.

माझी ओळख एवढीच, की परळला रेल्वेच्या वर्कशॉपात नोकरी झाली आणि रविवारी पांढरे कपडे चढवून पोरांच्या हौशी लढतींत पंचगिरी केली. तेव्हा मी बोलणार ते पंचाच्या नजरेनं. तुझा दुसरा प्रश्न आधी घेतो. ब्यूकॅननची गोष्ट जो तो डुरानच्या लढतीतल्या तेराव्या राउंडपासून सुरू करतो, आणि मग बारा राउंड काय, आधीची सात वर्षं काय, सगळं वाया जातं.

जन्म एडिनबराचा, २८ जून १९४५. लहानपणी जो लुईवरचा सिनेमा बघितला आणि घरी येऊन बापाच्या मागे लागला. बापाचं नाव टॉमी. आठव्या वर्षी पोराला स्पार्टा नावाच्या क्लबात नेऊन सोडलं, आणि पुढे जगज्जेतेपदापर्यंत बाप सोबत होता. ब्यूकॅननचा धंदा सुतारकीचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण हाताला मापाची सवय असलेला माणूस रिंगमध्ये लगेच ओळखू येतो. ब्यूकॅननला अंतर कळायचं. समोरचा पुढे वाकला की हा बोटभर मागे. गुद्दा हवेत आणि याचा डावा हात त्याच्या नाकावर.

१९६५ ला हौशी विजेतेपद घेतलं आणि त्याच वर्षी व्यावसायिक झाला. पण सुरुवातीच्या लढती कुठे, तर लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबात. सभासद काळा सूट घालून जेवायला बसलेले, जेवण उरकलं की लढत. राउंड चालू असताना गलका करायचा नाही अशी तिथली रीत. आपल्याकडे लालबागच्या मैदानात पोरं शिट्ट्या मारून कान किटवतात, पण पोराचं नाव तरी गल्लीभर होतं. बंद दाराआड जेवणाऱ्यांसमोर खेळून कोण ओळखणार? १९६८ मध्ये मॉरिस कलनला अकराव्या राउंडमध्ये झोपवून ब्रिटिश लाइटवेट (साठ-एकसष्ट किलोचा गट) विजेता झाला, तरी पैशाची रड होतीच. जानेवारी १९७० मध्ये माद्रिदला मिगेल वेलाझकेझकडून गुणांवर हरला. कारकिर्दीतला पहिला पराभव तो.

आणि आता खरी गोष्ट. त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये इस्माएल लगूनाशी जगज्जेतेपदाची लढत. उघडं स्टेडियम, भर दुपार, पारा शंभर फॅरेनहाइटच्या वर. लगूना पनामाचा, त्या उन्हातच वाढलेला. हा एडिनबराचा, जिथे जुलैतही स्वेटर हाताशी ठेवतात. सगळ्यांचा हिशोब एकच होता: हा सहा-सात राउंडमध्ये विरघळणार.

मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली मी पंचगिरी केलेली आहे. पोरं तीन राउंड खेळतात आणि तिसऱ्यात हात खांद्याच्या वर जात नाहीत. ग्लोव्ह घामानं जड झालेला, तोंड उघडं, गार्ड पोटापाशी. नुसतं त्यांच्याभोवती फिरणाऱ्या माझ्या शर्टाचं फडकं व्हायचं. ब्यूकॅनन तसल्या उन्हात पंधरा राउंड खेळला आणि उत्तरार्धात वरचढ ठरला. गुणांवर जिंकला, पंचांत मतभेद होते, पण जिंकला.

ती लढत मिळाली तर चेहरा बघू नकोस, पाय बघ. जॅब मारून तो तिथे उभा राहत नाही. डावा पाय आणि डावी मूठ एकदम पडते, मूठ परत येईस्तोवर तो अर्धं पाऊल बाजूला सरकलेला असतो. त्यामुळे लगूनाचा उजवा हात येतो तिथे कुणी नसतंच. आजची पोरं जॅब मारतात आणि फोटो काढायला थांबल्यासारखी थांबतात. मग खातात.

घरी स्वागत काय झालं? ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डानं त्याला जगज्जेता मानायलाच नकार दिला. डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या जगज्जेतेपद देणाऱ्या दोन संस्थांचं भांडण, त्यात बोर्ड डब्ल्यूबीसीच्या बाजूचं आणि हा पट्टा डब्ल्यूबीएचा. अमेरिकेतल्या बॉक्सिंग पत्रकारांनी मात्र १९७० चा सर्वोत्तम बॉक्सर म्हणून यालाच निवडलं. पुढे फेब्रुवारी १९७१ मध्ये लॉस एंजलिसला रुबेन नव्हारोला हरवलं तेव्हा कुठे डब्ल्यूबीसीचाही शिक्का बसला.

सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्कला लगूना पुन्हा समोर आला. ब्यूकॅननचा डावा डोळा सुजून बंद व्हायला आला. त्याच्या कोपऱ्यात एडी थॉमस होते, वेल्सचे, स्वतः जुने विजेते. त्यांनी ब्लेडनं सूज कापली, रक्त वाहू दिलं आणि पोराला परत पाठवलं. आज माझ्यासमोर कुणी असं केलं तर मी लढत तिथल्या तिथे थांबवीन. पण तो पंधरा राउंड खेळला आणि पुन्हा जिंकला.

आता तुझा पहिला प्रश्न. २६ जून १९७२. डुरान जेमतेम एकवीस वर्षांचा, तोही पनामाचा. पहिल्या राउंडच्या सुरुवातीलाच त्यानं ब्यूकॅननला खाली बसवलं. मग बारा राउंड डोकं छातीत खुपसून रेटत राहिला. तेरावा संपल्याची घंटा झाली, दोघे थांबले नाहीत, पंच जॉनी लोबियान्को सोडवायला आत शिरले आणि नेमका तेव्हा तो फटका बसला. ठोसा की गुडघा यावर अजून वाद घालतात. घंटेनंतरचा होता आणि खाली होता, यावर मला तरी वाद दिसत नाही. लोबियान्कोंचं म्हणणं पडलं की फटका पोटावर, नियमात बसणारा. ब्यूकॅनन पुढे खेळू शकणार नाही असं ठरवून त्यांनी लढत थांबवली आणि पट्टा डुरानला गेला.

पंच म्हणून सांगतो, दोघांच्या मधे शिरताना आपली नजर खांद्यांवर असते. खाली काय चाललंय ते खरंच दिसत नाही. म्हणून न दिसणं मी समजू शकतो. पण घंटा तर कानानं ऐकायची असते ना! ती झाल्यावर जे लागलं, त्यावर लढतीचा निकाल द्यायचा कसा? त्याला स्टुलावर बसवायचं, वेळ द्यायचा, डॉक्टर बोलवायचा. १९३० मध्ये असाच कमरेखालचा ठोसा खाऊन मॅक्स श्मेलिंग उठूच शकला नाही, आणि तशा अवस्थेत त्याला हेवीवेटचा जगज्जेता ठरवलं होतं, कारण मारणारा शार्की बाद झाला. याच न्यूयॉर्क शहरात. एकाला खाली पडून पट्टा मिळाला, दुसऱ्याचा गेला.

दादरचा_डुरानभक्त

काका, लिहिलंय झकास, पण अर्धी बाजू राहिली. त्या रात्री तिन्ही गुणपत्रिकांवर डुरान पुढे होता, आणि थोडाथोडका नाही. उरलेल्या दोन राउंडमध्ये ब्यूकॅननला नॉकआउटच हवा होता. फटका लागला नसता तरी पट्टा जाणारच होता. डुराननं पुढे १९७९ पर्यंत लाइटवेटचा पट्टा कुणाला घेऊ दिला नाही. एका फटक्यावरून त्याला लबाड ठरवणं बरोबर नाही.

परळचा_पंच

लबाड कुणी म्हटलं? डुरानसारखा लाइटवेट मी दुसरा पाहिला नाही. गुणांचंही खरं आहे, तो जिंकतच होता.

माझा राग निकालावर कमी आणि नंतरच्या गोष्टीवर जास्त आहे. परतीची लढत कधी झालीच नाही. कुस्तीच्या फडात सुद्धा निकालावरून राडा झाला की पुढच्या जत्रेत तीच जोड लावतात, गाव मिटवून घेतं. इथे ब्यूकॅनन वर्षानुवर्षं मागत राहिला. डुरान एकदा समोर आला असता आणि त्यानं चोख हरवलं असतं, तर आज या पोराला तो तुकडा दिसला नसता.

शिवाय ब्यूकॅनन तिथे संपला असंही नाही. जानेवारी १९७३ मध्ये ग्लासगोला जिम वॉटला हरवून ब्रिटिश किताब परत घेतला आणि ब्रिटिश विजेत्याचा लॉन्सडेल पट्टा कायमचा घरी नेला. १९७४ मध्ये सार्डिनियात जाऊन अंतोनियो पुद्दूला पाडून युरोपचा विजेता झाला. फेब्रुवारी १९७५ मध्ये टोकियोला गट्स इशिमात्सूकडून जगज्जेतेपदाची लढत गुणांवर हरला. एकूण ६९ लढती, ६१ जिंकला. हरलेला माणूस म्हणे!

एक गमतीची गोष्ट राहिली. डिसेंबर १९७० मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि बोनावेनाची लढत होती, त्याच रात्री ब्यूकॅननचीही. कपडे बदलायची खोली दोघांत एकच. ब्यूकॅनन स्वतः सांगायचा की त्यानं खडूनं जमिनीवर रेघ मारली आणि अलीला बजावलं, ही ओलांडायची नाही. साठ-एकसष्ट किलोचा माणूस हेवीवेटच्या बादशहाला सांगतोय! चाळीत सामाईक गॅलरी वाटून घेतलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

शिवडीची_आई

मी खेळातली नाही. मुलगा चौदाचा आहे, बॉक्सिंगच्या क्लासला जातो, म्हणून हा धागा वाचला. काका, या ब्यूकॅनन यांचं पुढे काय झालं? शेवटी त्यांची स्मरणशक्ती गेली असं वाचलं. मुलाला पाठवावं की नाही, खरं सांगा. क्लासवाले म्हणतात काही होत नाही.

परळचा_पंच

ताई, "काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे पाठवू नका. हे पहिलं.

त्यांना डिमेन्शिया झाला होता. १ एप्रिल २०२३ ला गेले, ७७ व्या वर्षी. मधली वर्षंही सोपी नव्हती. हॉटेल काढलं ते राहिलं नाही, संसार मोडला, पुन्हा सुतारकाम केलं, चौतिशीत पुन्हा रिंगमध्ये आले आणि १९८२ पर्यंत खेळत राहिले. ते परत येणं मला तेव्हाही आवडलं नव्हतं. पाय गेलेला बॉक्सर डोक्यावर खातो, आणि यांचं सगळं भांडवल पायांतच होतं. एडिनबरात पुतळा उभा राहिला, तो २०२२ मध्ये, म्हणजे हयातीत. तेवढं समाधान.

पण तुमचा मुलगा आणि ते यांत फरक आहे. ते पंधरा-पंधरा राउंड खेळले. १९८२ मध्ये किम डुक-कू हा कोरियन बॉक्सर लढतीनंतर दगावला, तेव्हापासून जगज्जेतेपदाच्या लढती बारा राउंडवर यायला लागल्या. मुलांच्या हौशी लढती तीन राउंडच्या असतात, आणि पंच लवकर थांबवतो, निदान थांबवायला हवा. खरा धोका स्पर्धेत कमी, रोजच्या स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावातल्या लढतीत, जास्त. तिथे कुणी मोजत नाही.

तेव्हा क्लासमध्ये जाऊन सरळ विचारा: आठवड्यात स्पारिंग किती वेळा? जोडी वजन आणि वय बघून लावता का? डोक्याला लागलं, गरगरलं, तर किती दिवस घरी बसवता? शेवटच्या प्रश्नाला "बर्फ लावतो" असं उत्तर आलं तर चप्पल घाला आणि दुसरा क्लास बघा. दोरीच्या उड्या, बॅग, पॅड, पायांचं काम, यात वर्ष काढलं तरी मुलाचं काही बिघडत नाही. चौदाव्या वर्षी तेच हवं.

चेंबूरचा_डावखुरा

काका, जबरदस्त. सान हुआनची लढत सापडली, रात्री बघतो. तुम्ही लिहिलंत त्या जिम वॉटबद्दल थोडं सांगा ना, तो माझ्यासारखाच डावखुरा होता म्हणे.

परळचा_पंच

होता. ग्लासगोचा. डुराननं १९७९ मध्ये लाइटवेट सोडलं आणि रिकाम्या झालेल्या डब्ल्यूबीसी पट्ट्यासाठी एप्रिलमध्ये केल्विन हॉलला वॉटनं आल्फ्रेडो पितालुआला हरवलं. म्हणजे ज्याला ब्यूकॅननने १९७३ मध्ये पंधरा राउंड धडे दिले, तो सहा वर्षांनी जगज्जेता. १९८० मध्ये आयब्रॉक्सच्या फुटबॉल मैदानावर हॉवर्ड डेव्हिसला हरवलं, जो १९७६ चा ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता. पुढच्या वर्षी अलेक्सिस आर्ग्वेयोनं पट्टा नेला.

त्याच्या डेव्हिसविरुद्धच्या लढतीत उजवा हात बघ, डावखुऱ्यानं पुढचा हात कसा वापरायचा ते कळेल. पण आधी सान हुआन, पहिले पाच राउंड आवाज बंद करून. आणि उद्या सरांना विचार, जॅबनंतर तुझं मागचं पाऊल कुठे पडतंय.