अमिलोराइडशिवाय फोर्स्कोलिन दिलं तर करंट का चढत नाही?

क्षारसाधक
निरोगी दात्याच्या श्वासनलिकेच्या पेशी, वरून हवा आणि खालून माध्यम अशा २८ दिवस वाढवलेल्या, उसिंग चेंबरमध्ये (पेशींच्या थरातून जाणारा करंट मोजायचं पात्र) लावल्या आहेत. दोन्हीकडे तेच क्रेब्ज द्रावण (बायकार्बोनेट असलेलं क्षारांचं द्रावण). फोर्स्कोलिन (सीएफटीआर उघडायला लावणारं रसायन) थेट घातलं तर शॉर्ट-सर्किट करंट (दोन बाजूंतला व्होल्टेज शून्यावर धरून मोजलेला करंट) जेमतेम हलतो. आधी अमिलोराइडने (सोडियम आत येणं अडवणारं औषध) करंट पाडून मग दिलं, तर झकास चढतो. क्लोराइडचं चॅनेल सीएफटीआर तोच, मग बदललं काय?

पेशीपडदा
सीएफटीआर हे नुसतं दार. क्लोराइड कुठे जाणार हे आतला साठा आणि पडद्यावरचा व्होल्टेज ठरवतात.

साठा भरतो रक्ताच्या, म्हणजे इथे खालच्या बाजूने. पंप ३ सोडियम बाहेर टाकून २ पोटॅशियम आत घेतो, त्यामुळे आत सोडियम कमी राहतं. त्याच उताराच्या जोरावर एनकेसीसी१ हा वाहक एका सोडियम आणि एका पोटॅशियमसोबत २ क्लोराइड आत ओढतो.

आता हिशेब करून बघा. क्लोराइड बाहेर १२०, आत ४० मिलिमोलर धरा. ३७ अंशांना नर्न्स्टच्या सूत्राने ६१ गुणिले लॉग ३, म्हणजे २९ मिलिव्होल्ट. पेशीची आतली बाजू उणे २९ वर असेल तर क्लोराइड ना आत जातं ना बाहेर येतं. एनॅक (हवेकडच्या पडद्यातलं सोडियम चॅनेल) उघडं असताना सोडियम धनभार घेऊन आत येत राहतं, म्हणून हवेकडचा पडदा उणे ३० च्या आसपासच अडकतो. दार उघडलं तरी बाहेर पडायला रेटाच नसतो. अमिलोराइडने सोडियम अडलं आणि पडदा समजा उणे ४५ पर्यंत उतरला, की १६ मिलिव्होल्टचा रेटा मिळतो.

चेंबरवाला
एक लक्षात ठेवा: सोडियम आत जाणं आणि क्लोराइड बाहेर येणं, दोन्ही करंटमध्ये एकाच दिशेचे दिसतात. म्हणून क्रम मोडू नका. अमिलोराइड १० मायक्रोमोलर फक्त हवेच्या बाजूला. रेषा सपाट झाली की फोर्स्कोलिन १०, मग सीएफटीआर अडवणारा सीएफटीआर-इनहिबिटर-१७२, तोही १०. हा हळू चालतो, घाई केली की अर्धवट आकडा लिहाल. सीएफटीआरचा वाटा मी या घसरणीवरून मोजेन, फोर्स्कोलिनच्या चढावरून नाही. कारण फोर्स्कोलिन रक्ताकडची पोटॅशियम चॅनेलंही उघडतं आणि रेटा वाढवतं. (हे फोर्स्कोलिन कोलियसच्या मुळांतलं, मुंबईच्या हेक्स्ट संशोधन केंद्रात वेगळं केलेलं.)

रेटा मुद्दाम वाढवायला काही जण हवेच्या बाजूला क्लोराइडऐवजी ग्लुकोनेट वापरतात. ग्लुकोनेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कॅल्शियम वाढवलं नाही तर पेशींमधले सांधे सैल पडतात आणि थराचा विद्युतरोध कोसळतो. आगारच्या पुलात (द्रावण आणि इलेक्ट्रोड जोडणारी क्षारभरली नळी) बुडबुडा अडकला तरी आकडे भरकटतात, तोही आधी तपासा.

क्षारसाधक
क्रम पटला. पण बुमेटॅनाइड रक्ताच्या बाजूला दिल्यावर फोर्स्कोलिनचा करंट अर्धाच पडतो. औषध खराब असेल?

पेशीपडदा
औषधाला दोष देण्याआधी बायकार्बोनेट बघा. बुमेटॅनाइड फक्त एनकेसीसी१ अडवतं. सीएफटीआरमधून बायकार्बोनेटही बाहेर जातं आणि त्याचा साठा दुसऱ्या वाटेने भरतो. बायकार्बोनेट काढून हेपीस (पीएच स्थिर ठेवणारं रसायन) घातलेल्या द्रावणात औषधांचा तोच क्रम चालवा. उरलेला करंट बराच घटला तर तो बायकार्बोनेटचा. क्रेब्जमध्ये मात्र ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेलाच वायू सोडा. साधी हवा सोडली तर पीएच ७.४ वर थांबत नाही, चढत जातो.

हा उरलेला करंट फेकून देण्यासारखा नाही. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (सीएफटीआर बिघडल्याने होणारा आनुवंशिक आजार) क्लोराइडबरोबर तोही हरवतो, आणि बायकार्बोनेटशिवाय कफातली म्युसिनं (कफाला चिकटपणा देणारी प्रथिनं) नीट उलगडत नाहीत.