तीन वर्षांच्या आत थीम पार्क उरकायचं? कशासाठी?

पारिजात

परवा इथेच एका बाबांनी लिहिलं होतं : "मूल तीन वर्षांचं व्हायच्या आत डिस्नेलँड उरकून घ्या. तिकीट लागत नाही, फोटो जन्मभर राहतात." त्याखाली धडाधड +१ पडले. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून वेगळा धागा काढते आहे.

मुळात "उरकून घ्या" हेच डोक्यात गेलं. जावळ झालं, उष्टावण झालं, आता थीम पार्क, असं आहे का ते? तिकीट लागत नाही हे खरं. डिस्नेची पार्कं आहेत त्या अनाहाइम (कॅलिफोर्निया), ऑर्लँडो, पॅरिस, हाँगकाँग, सगळीकडे ३ वर्षांखाली फुकट. टोकियोला तर ४ वर्षांखाली. पण विमानात २ वर्षं पूर्ण झाली की वेगळी सीट घ्यावी लागते, ती कोण फुकट देतं? आणि वेळेचा फरक अंगावर घेऊन रात्री दोनला टक्क जागं बसणारं मूल सांभाळायचं ते वेगळंच.

माझा अनुभव सांगते. लेक पावणेतीन वर्षांची असताना तिला आपल्याकडच्याच एका पार्कात नेलं होतं. नाव घेत नाही, कारण चूक पार्कची नव्हती, आमची होती. मे महिना. साडेदहाला आत शिरलो. दारातच मोठ्या मुखवट्याचं अस्वल हात पुढे करून आलं आणि पोरगी अशी किंचाळली की पुढचे तीन तास कडेवरून उतरली नाही. अंधाऱ्या राइडमध्ये स्फोटाचा आवाज झाला तेव्हा तिने माझ्या मानेत नखं रुतवली. दुपारची झोप चुकली, जेवण गेलं नाही, आणि रांगेच्या बरोबर मध्यावर सू लागली. दिवसभरात ती एकदाच हसली, पाणपोईजवळच्या जाळीत खडे टाकताना. तेवढ्यासाठी तिला इतकं रडवायची काही गरज नव्हती.

माझं मत ७ वर्षं. त्या वयात मूल स्वतःच्या पायांनी दिवसभर चालतं, रांगेत थांबतं, "मला भीती वाटते, नको" हे शब्दांत सांगतं. बहुतेक राइडना उंचीची अट असते, वयाची नाही, कारण मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून येणारा पट्टा ठरावीक मापाच्या शरीरालाच धरून ठेवतो. खोपोलीच्या इमॅजिकाला नायट्रो ही रोलर कोस्टर पाच वेळा उलटं फिरवते. तिथे चिमुरड्याने खालून नुसतं बघायचं? आणि तीनच्या आतलं मोठेपणी जवळजवळ कुणालाच आठवत नाही. मग हा खटाटोप कोणासाठी? फोटोसाठी?

अवनीची_आई

असहमत. तुमच्या लेकीला अस्वलाची भीती वाटली म्हणून सगळ्यांच्या मुलांनी सात वर्षं घरी बसायचं का? माझी अवनी दोन वर्षांची असताना नेली होती. टाळ्या पिटत होती. दिव्यांची मिरवणूक बघून इतकी हरखली की घरी येऊन आठवडाभर ताटली डोक्यावर धरून मिरवत होती. ते तिला पुढे आठवणार नाही, मान्य. पण त्या आठवड्यात ती आनंदात होती, त्याचं काहीच मोल नाही का? या न्यायाने बारशाला आणि पहिल्या वाढदिवसालाही काही करायला नको.

तयारी करून गेलं तर काही अवघड नाही. आम्ही सासूबाईंना बरोबर नेलं होतं. त्या बाळाला आणि बॅगा घेऊन सावलीत बसायच्या, आम्ही दोघं मोठ्या राइड करून यायचो. सगळे खूश.

पुसेगावकर

आमच्याकडे सेवागिरी महाराजांच्या यात्रेत सहा महिन्यांचं पोरही खांद्यावर असतं. रथाला नोटांच्या माळा, बैलबाजार, आकाशपाळणे, मौत का कुआँ. तिथे कुणी विचारत नाही योग्य वय काय. मूल रडलं की बाप घरी घेऊन जातो, संध्याकाळी परत आणतो. पार्कात ते करता येत नाही कारण तिकिटाला इतका पैसा मोजलेला असतो की मूल रडलं तरी आईबापाला "वसूल" करायचं असतं. खरी अडचण वयाची नाही, त्या वसुलीची आहे. पारिजातताई, तुम्हीही साडेदहाला गेलात आणि पोरगी तीन तास कडेवर असूनही दुपारपर्यंत थांबलातच ना?

पारिजात

@पुसेगावकर, हो. थांबलो. ते तुमचं बरोबर आहे. पण यात्रेतल्या पाळण्याला उंची कोण मोजतं? पट्टा तरी असतो का? लहानपणी मी दोन्ही हातांनी दांडा धरून बसायचे, आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

निवृत्त_बाई

मी इथे फक्त वाचते. वय ६८. आज लिहिते, कारण वरचं "सगळे खूश" वाचून राहवलं नाही.

मी ती बाकावरची आजी आहे. दोन वर्षांपूर्वी मुलगा, सून, मोठी नात आणि अकरा महिन्यांचा नातू असे गेलो होतो. माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मुलगा म्हणाला, "आई, तू इथे निवांत बस." बाबागाडी, चार पिशव्या, तिघांच्या चपला आणि झोपलेलं बाळ माझ्याजवळ. पाच तास. बाळाला आणि सामानाला सोडून मला बाथरूमलाही जाता येईना. फोन लावला तर लागत नव्हता, ते राइडमध्ये होते. शेवटी शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींना मी बाळ राखायला सांगितलं, आणि मग त्या गेल्या तेव्हा मी त्यांच्या पिशव्या राखल्या. आम्ही दोघी एकमेकींची नावंही विचारायला विसरलो.

मला समोरचा घोड्यांचा गोल पाळणा दिसत होता. त्यात बसावंसं फार वाटत होतं. कुणी विचारलं नाही, आणि मीही बोलले नाही.

मुलाचं योग्य वय ठरवताना एवढं धरा, की ज्या वयात आजीला पिशवीसारखं बाकावर ठेवावं लागणार नाही, ते वय योग्य.

मध्यमवर्गी

बाई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे एकतर्फी आहे. आईला नेलं तर बाकावर बसवलं, नाही नेलं तर टाकून गेले. मुलाने करायचं काय? मी माझ्या आईला मागच्या दिवाळीत घरी ठेवून गेलो, कारण तिला ऊन सोसत नाही. तेव्हापासून ऐकतो आहे, "मला कोण नेणार." हप्ते भरून, सुट्ट्या मारामारी करून मिळवायच्या, एक दिवस बायकोबरोबर एक राइड एकत्र केली तर गुन्हा? पाच वर्षांत आम्ही दोघं बाळाशिवाय पंधरा मिनिटं एकत्र बसलेलो नाही.

अवनीची_आई

मलाही हे लागलं. सासूबाई स्वतःहून म्हणाल्या होत्या, "मी बसते, तुम्ही जा." जबरदस्ती केली नव्हती कुणी. न विचारता आमच्या घरात डोकावून निकाल देऊ नका.

पुसेगावकर

स्वतःहूनच म्हणतात हो. माझी आई पण आयुष्यभर म्हणाली, "मला भूक नाही, तुम्ही जेवा."

मध्यमवर्गी

आता भुकेपर्यंत पोचलात. धागा मुलांच्या वयाचा होता, इथे सगळ्या सुना-मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. मी थांबतो.

इर्व्हाइनकर

थांबू नका, कारण बाकाचा विषय अवांतर नाही. मी अनाहाइमपासून अर्ध्या तासावर राहतो. उन्हाळ्यात आईबाबा सहा महिने येतात, त्यामुळे हे दृश्य मी दरवर्षी बघतो : आपले आजी-आजोबा, मांडीवर स्वेटर, हातात दुधाची बाटली.

डिस्नेलँड १९५५ साली उघडलं. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगायचे की त्याची कल्पना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात सुचली. मुली मेरी-गो-राउंडवर बसलेल्या, आणि ते बाकावर शेंगदाणे खात बसलेले. त्यांना वाटलं, आईबाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का नसावी? म्हणजे ही सगळी जागा बाकावर बसून राहावं लागू नये म्हणून उभी राहिली, आणि आपण तिथे आजीला नेऊन बाकावरच बसवतो.

व्यवहाराचं सांगतो. तिथे रायडर स्विच म्हणून सोय आहे : एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो, मग पहिल्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. आजीला अडकवायची गरज नाही. @मध्यमवर्गी, दोघांना एकत्र बसता येत नाही हे मात्र खरं, ती अडचण यातून सुटत नाही. स्पेस माउंटन या रोलर कोस्टरला १०२ सेंमी उंची लागते, पण उडणारे डम्बो हत्ती, बाहुल्यांची बोट, घोड्यांचा कॅरोसेल यांना उंचीची अटच नाही. त्यामुळे "लहान मुलांना काहीच नाही" हे पारिजात यांचं म्हणणं पटत नाही. आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा असताना पहिल्यांदा गेलो. सकाळी तीन तास, बस. दुपारी घरी येऊन झोपला. पण आम्ही जवळ राहतो म्हणून हे जमलं. भारतातून लाखो रुपये खर्चून येणाऱ्याला तीन तासांत परत फिरा असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

दोन_पिल्लांचा_बाबा

मूळ पोस्ट माझी होती. "उरकून घ्या" हा शब्द चुकला, मागे घेतो. बाकीचं घेत नाही, आणि का ते सांगतो.

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली गोराईला सुरू झालं. त्यानंतर दोन वर्षांनी बाबांनी मला नेलं. मी साडेचार वर्षांचा. बाबा कारकून, रविवारीसुद्धा दुसरीकडे हिशेब लिहायला जायचे. लाँचमध्ये खाडीचं पाणी उडालं आणि त्यांचा सदरा एका बाजूने भिजला. मी त्यांच्या मांडीवर होतो, तो ओला सदरा माझ्या गालाला लागत होता. आत कोणत्या राइडला बसलो ते एकही आठवत नाही. सदरा आठवतो.

मी पहिलीत असताना बाबा गेले. त्यांनी माझं योग्य वय होण्याची वाट पाहिली असती, सात वर्षं थांबले असते, तर माझ्याकडे हा एक दिवसही नसता. त्यामुळे मी माझ्या पिल्लांना लवकर नेतो. कोणाला हे फोटोसाठी वाटलं तर वाटो. बाबांबरोबरचा त्या दिवसाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

पारिजात

वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

तुमच्यापुढे मी सातचा आकडा धरून बसणार नाही. पण साडेचार आणि दोन यांत फरक आहे, हे तुमच्याच गोष्टीतून दिसतं. साडेचारला सदरा आठवला. माझ्या लेकीला पावणेतीनचं अस्वलही आठवत नाही, मी विचारून बघितलं. फक्त अजून कोणी मुखवटा घातला की ती माझ्यामागे लपते. भीती राहिली, आठवण गेली. म्हणून दोनच्या मुलाला नेण्याला माझा विरोध कायम. चारच्या पुढे, जवळच्या जागी, अर्धा दिवस, वसुलीचा हट्ट न धरता, इतपत मान्य करते. परदेशाचा खर्च करून जाणार असाल तर मात्र सातच.

अवनीची_आई

दोनलाही जमतं, मूल बघून ठरवा, एवढंच मी म्हणत होते आणि म्हणत राहीन. प्रत्येकाचं मूल वेगळं.

दुसरं. काल सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी राइडमध्ये बसायचं होतं का?" त्या म्हणाल्या, "तू विचारतेस म्हणून सांगते, त्या पाण्याच्या बोटीत बसायचं होतं. पण अवनी झोपली होती ना." मी निवृत्त बाईंवर चिडले होते. तसं चिडायला नको होतं.

मध्यमवर्गी

मी आईला विचारलेलं नाही. ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. पाऊस संपला की नेतो. दिवसभर नाही, उन्हं उतरल्यावर. बायको म्हणते आहे की या वेळी बाळाजवळ ती थांबेल आणि मी आईबरोबर बसायचं, मग आम्ही अदलाबदल करू. आम्हा दोघांचं राहिलंच, पण असो.

निवृत्त_बाई

@मध्यमवर्गी, रागावू नका माझ्यावर. पुढच्या खेपेला तुम्ही दोघं बसा, बाळाला मीही आनंदाने सांभाळलं असतं. दहा मिनिटं सांभाळायला माझी ना नव्हतीच. पाच तास झाले, त्याचं वाईट वाटलं.

@इर्व्हाइनकर, तुम्ही घोड्यांच्या पाळण्याचं लिहिलंत म्हणून विचारते. माझा गुडघा आता नव्वद अंशांच्या पुढे वाकत नाही. घोड्यावर टांग टाकता येणार नाही. मग बसताच येणार नाही का?

इर्व्हाइनकर

बसता येईल, काकू. घोड्यांच्या मधे एक बाकही असतो, तो बाकीच्या पाळण्याबरोबर फिरतो. आमची आई दरवर्षी त्यावरच बसते, नातू शेजारच्या घोड्यावर. चढायला कोणाचा तरी हात धरा.