टीमक्समध्ये व्हिम उघडल्यावर एस्केप कळ उशिरा लागते

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): नमस्कार. घरून दूरच्या सर्व्हरवर काम करताना जोडणी वारंवार तुटते, म्हणून मी टीमक्स (जोडणी तुटली तरी सर्व्हरवरचे काम चालू ठेवणारा टर्मिनल प्रोग्राम) वापरतो. परंतु त्यात व्हिम (मजकूर संपादक) उघडले की एस्केप दाबल्यावर इन्सर्ट मोडमधून (मजकूर टंकण्याच्या स्थितीतून) बाहेर पडायला सुमारे अर्धा सेकंद लागतो. शिवाय कंट्रोल-बीने मागचे पान येत नाही. टीमक्सबाहेर दोन्ही कळा व्यवस्थित चालतात. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (सातारा): दोष व्हिमचा नाही. ऑल्टसह दाबलेले अक्षर टर्मिनल बहुधा 'आधी एस्केप, मग ते अक्षर' असेच पाठवते. त्यामुळे एस्केप आल्यावर पुढे आणखी काही येते का, हे पाहण्यासाठी टीमक्स थांबते. जुन्या आवृत्त्यांत ही प्रतीक्षा ५०० मिलिसेकंदांची असे, तोच आपला अर्धा सेकंद. ही प्रतीक्षा ठरवणारी एस्केप-टाइम ही सेटिंग १० ते २० मिलिसेकंद ठेवा आणि टीमक्सची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल पुन्हा लोड करा. शून्य मात्र ठेवू नका, कारण बाणांच्या कळांचे संकेतही एस्केपनेच सुरू होतात आणि संथ जोडणीवर ते तुटक पोहोचू शकतात.

उत्तर (कऱ्हाड): कंट्रोल-बी ही टीमक्सची मूळ प्रीफिक्स कळ (टीमक्सला आज्ञा देण्याआधी दाबायची कळ) असल्याने ती व्हिमपर्यंत पोहोचतच नाही, दोनदा दाबल्यास पोहोचते. अनेकजण त्याऐवजी कंट्रोल-ए निवडतात, पण व्हिममध्ये ती कर्सरखालील आकडा एकाने वाढवते, म्हणून मला तो बदल पटत नाही.

प्रश्नकर्ता: एस्केप-टाइम २० केल्यावर विलंब गेला. प्रीफिक्स तशीच ठेवून दोनदा दाबतो आहे. दोघांचे मनापासून आभार.