आइस क्यूब विकला गेला की आधीपासूनच पक्का धंदेवाला होता?

दादर_स्लो:
परवा पोराने टीव्हीवर 'ट्वेंटीवन जंप स्ट्रीट' लावलेला. त्यात तो पोलिसांचा कॅप्टन बोंबलत असतो ना, मी म्हटलं अरे हा तर आइस क्यूब, अमेरिकेतला रॅपर! पोरगा म्हणतो, बाबा हा कॉमेडीवाला आहे. काय सांगू राव, जेवण गेलं नाही. आमच्या मावसभावाने, तो बोटीवर होता, क्यूबच्या रॅप ग्रुपची, एन.डब्ल्यू.ए.ची कॅसेट आणलेली, चाळीच्या जिन्यात बसून वॉकमनवर ऐकायचो, एक इअरफोन त्याला एक मला, निम्म्या शिव्या कळायच्या नाहीत पण राग कळायचा. त्यातल्या पोलिसांवरच्या गाण्यापायी १९८९ मध्ये एफबीआयने म्युझिक कंपनीला पत्र धाडलं होतं. आणि तोच माणूस २०१२ मध्ये पोलीस बनून हशे पिकवतो? त्याआधी २००५ मध्ये दोन कार्ट्यांना गाडीत घालून फॅमिली पिक्चर. माझं म्हणणं, ९१ च्या 'बॉइज एन द हूड'मधला डोबॉय हा शेवटचा खरा क्यूब, पुढे नुसतं दुकान.

घाटकोपर_फास्ट:
दुकान म्हणजे शिवी आहे का? भाऊ, तो ग्रुप सोडला कशावरून ते आठवा. त्यांच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन' अल्बमचे जवळजवळ निम्मे शब्द ह्याचे, आणि पैशाचा हिशेब लागेना. मॅनेजरने कागद पुढे केला तर हा म्हणाला वकिलाला दाखवल्याशिवाय सही नाही, आणि ८९ संपता संपता बाहेर. तेव्हा वय किती, तर वीस! आपण विसाव्या वर्षी मोबाइलचं बिल तरी वाचतो का? मग न्यूयॉर्कला जाऊन पब्लिक एनिमी ह्या रॅप ग्रुपवाल्यांच्या टीमबरोबर ९० मध्ये पहिला सोलो अल्बम. म्हणजे तो धंद्यात उतरला ९५ ला पिक्चर काढून नाही, पहिल्या भांडणापासूनच. पोलिसांवरचा राग दिसला तुम्हाला, हिशेबाचा राग दिसला नाही.

मुलुंड_चेकनाका:
पण हा तर टीव्हीवर वीस वर्षं डिटेक्टिव्ह करतोय ना, लॉ अँड ऑर्डरमध्ये? पोलिसांना मारायचं गाणं पण ह्याचंच.

घाटकोपर_फास्ट:
काका तो आइस-टी 😄 वेगळा माणूस. ते गाणं ९२ चं, त्याच्या मेटल बँडचं, रॅप नाहीच ते. आणि पोलीस तर तो त्याच्या आधीच झालेला, ९१ मध्ये 'न्यू जॅक सिटी' पिक्चरमध्ये. सिरीयलमध्ये २००० पासून आहे.

मुलुंड_चेकनाका:
बरं. बर्फ बर्फच.

नायगाव_बीडीडी:
मला हे सगळं दादा कोंडकेंसारखं वाटतं. हसू नका. गिरणगावातला पोरगा, बँडपथक, मग 'विच्छा माझी पुरी करा' गाजवलं, भालजींनी पिक्चरमध्ये घेतलं, आणि दादांनी ओळखलं की दुसऱ्याच्या पिक्चरमध्ये आपण नुसते सोंगाड्या, पैसा लावायचा तर आपणच. ७१ मध्ये 'सोंगाड्या' स्वतः काढला. क्यूबचं तेच. 'बॉइज एन द हूड'च्या डायरेक्टर सिंगलटनने डोबॉय दिला, मग ९५ मध्ये डीजे पूबरोबर बसून 'फ्रायडे' स्वतः लिहिला. ३५ लाख डॉलरच्या आसपास बजेट, २० दिवसांत शूटिंग, तेसुद्धा डायरेक्टर गॅरी ग्रे जिथे लहानाचा मोठा झाला त्याच गल्लीत. दोन बेकार पोरं ओट्यावर बसून दिवस काढतात, एवढीच गोष्ट. आमच्या चाळीत हा पिक्चर रोज फुकट चालायचा.

दादर_स्लो:
दादांना मध्ये आणू नका हो. दादांनी कधी 'मी व्यवस्थेच्या विरोधात' असं म्हणून तिकीट विकलं नाही, ते पहिल्यापासून चावट होते आणि शेवटपर्यंत चावटच राहिले. क्यूबने मला राग विकला आणि नंतर तो स्वतःच्या घरात ठेवला नाही.

बोरिवलीची_बाई:
त्या रागाचं इतकं कौतुक नका करू दादा. ९१ चा त्याचा 'डेथ सर्टिफिकेट' अल्बम परत ऐका, शब्द समजून ऐका. कोरियन दुकानदारांवर काय म्हटलंय, जुन्या मॅनेजरच्या ज्यू असण्यावर काय म्हटलंय, बायकांबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हाही बोंब झाली होती आणि ती उगाच नव्हती. त्यापेक्षा २००२ मधला त्याचा 'बार्बरशॉप' पिक्चर मला जास्त धीट वाटतो. शिकागोतलं सलून, बापाने ठेवलेलं, विकायचं की नाही एवढाच प्रश्न, आणि दिवसभर लोकं खुर्चीत बसून कोणावरही काहीही बोलतात, बाकीचे त्यांना खोडून काढतात. गाण्यात एकटा बोलतो, तिथे त्याला ऐकावं लागतं. मला तिथे तो मोठा वाटला. (दुकान नावाला जागलं, हे तुमच्यासाठी 🙂)

नव्वदफुटी_रोड:
मी रॅप करतो, मराठी-हिंदी मिक्स, म्हणून माझं मध्ये तोंड घालतो. गली बॉय आल्यावर २०१९ ला आमच्याकडे प्रत्येक दुसरा पोरगा रॅपर आणि प्रत्येक तिसरा मॅनेजर झालेला. मला एकाने कागद दिला, इंग्लिशमधे अकरा पानं, मी शेवटच्या पानावर सही केली कारण तो म्हणाला शूट उद्या आहे. आता माझंच गाणं मी माझ्या चॅनेलवर टाकलं तर कॉपीराइटची स्ट्राइक येते. माझंच. आईने लिहिलेली एक ओळ आहे त्यात. म्हणून मला क्यूबचा राग बिग ठीक आहे पण तो वकिलवाला सीन जास्त भारी वाटतो. एन.डब्ल्यू.ए.वरच्या २०१५ च्या पिक्चरमधे आहे तो, आणि त्यात क्यूबचा रोल कोणी केला तर त्याच्याच पोराने, प्रोड्युसर मधे क्यूब स्वतः. म्हणजे ज्या गोष्टीत पैसे कापले गेले त्याच गोष्टीचे पंचवीस वर्षांनी वसूल केले. विकला गेला म्हणता, इथे आम्हाला विकायला काय शिल्लक ठेवलंय ते विचारा.

दादर_स्लो:
मित्रा, तुझं वाचून जरा गप्प झालो. कागद कोणा वकिलाला दाखवलास का नंतर? माझा एक शाळासोबती कॉपीराइटचं काम बघतो, फोर्टला बसतो, पैसे नाही घेणार. मेसेज कर.
बाकी सगळ्यांना: 'फ्रायडे' मी बघितलेलाच नाही, कबूल. रविवारी बघतो. पण त्या पोलीस कॅप्टनवर मी हसणार नाही म्हणजे नाही.

घाटकोपर_फास्ट:
आम्ही पोराला विचारू 😄

नव्वदफुटी_रोड:
मेसेज केलाय काका. अकरा पानांचे फोटो आहेत, आठवं जरा हललंय.